ही वही कोणाची?

कॉलेजच्या मुली आता आपल्या वस्त्यांत पूर्वीपेक्षा जास्त दिसणार आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातील पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, समाजातले काम आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून हे सुरू झाले. आजवर राष्ट्रीय सेवा योजनेतल्या किंवा विस्तारकार्यातल्या मोजक्या मुली वस्तीत यायच्या. आता जवळजवळ प्रत्येकीला कुठे ना कुठे जावे लागेल, आणि जाणाऱ्या पुष्कळजणींच्या पिशवीत एक वही असेल. केव्हा गेले, काय केले, काय पाहिले, त्यातून काय शिकले, हे लिहिण्याची वही. शिक्षणशास्त्राच्या भाषेत तिला चिंतनात्मक रोजनिशी म्हणतात.

मैत्रिणींनो, ही वही हा फक्त प्राध्यापकांचा विषय आहे असे समजून आपण गप्प बसू नये. त्या वहीत आपल्या वस्तीतल्या बाया असणार आहेत. आणि लिहिणारी मुलगीही परकी नाही. इथे भिवंडीत, टेमघरमध्ये, सकाळी पाणी भरून, भावंडांचे डबे करून कॉलेजला जाणारी जी मुलगी आहे, तीच दुपारी फॉर्म घेऊन कोणाच्या तरी दारात उभी राहणार आहे. तिने काय लिहावे, ते कोणी वाचावे आणि वाचून पुढे काय करावे, हे ठरवताना आपले म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

ही कल्पना काही नवी नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सदतीस विद्यापीठांतून सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि त्याची डायरी, ही पद्धत कॉलेजांना परिचित आहे. मुंबई विद्यापीठात या कामाचे दहा वाढीव गुण मिळत आले आहेत. समाजकार्याच्या संस्थांत तर नोंदी लिहिणे हा शिक्षणाचा कणाच आहे. मुंबईची टाटा संस्था १९३६ ची आणि निर्मला निकेतन १९५५ चे. तिथली विद्यार्थिनी आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, इस्पितळात किंवा संस्थेत काम करते, जे घडले ते लिहून काढते, आणि मार्गदर्शक शिक्षिका ते वाचून तिच्याशी समोरासमोर बसून बोलतात. बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हापासून, म्हणजे २०१५ पासून, शाळेतल्या दीर्घ अनुभवकाळात अशीच रोजनिशी ठेवण्यावर भर आहे.

यामागचा विचार साधा आहे. अनुभव आला म्हणजे शिकणे झाले असे होत नाही; अनुभवाकडे वळून पाहावे लागते. अमेरिकेतले जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये विचार कसा करावा यावर पुस्तक लिहिले, त्यात हे मांडले आहे. हेच ड्युई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे शिक्षक होते. आणि आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर मुक्ता साळवेचा घ्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेत मिळालेली अक्षरे तिने पाठांतरात घालवली नाहीत. आपल्या लोकांना काय भोगावे लागते ते तिने त्या अक्षरांत मांडले आणि असे का, असा प्रश्न केला. शिकणाऱ्या मुलीने स्वतःच्या जगण्याकडे पाहून लिहिणे म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार आहे?

तेव्हा वहीला माझा विरोध नाही. उलट मला ती फार हवी आहे. का हवी, ते सांगते.

सर्वेक्षणाचा फॉर्म माणसाला चौकटीत बसवतो. ‘तुम्ही काम करता का?’ हा प्रश्न घ्या. बाई म्हणते, ‘नाही, घरीच असते.’ मुलगी ‘नाही’वर खूण करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. पण बोलताना बाईचे हात थांबलेले नसतात. मांडीवर कपड्याचा ढीग असतो आणि ती धागे कापत असते. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. कांड्या भरणे, धागे कापणे, माल आवरणे, अशी कितीतरी कामे इथल्या बाया करतात, नगावर पैसे घेतात आणि तरीही स्वतःला ‘घरीच असते’ म्हणतात. हा घोळ सरकारी मोजणीतही होत आला. असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाने, ज्याच्या अध्यक्ष इला भट्ट होत्या, १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात हे न दिसणारे श्रम देशासमोर मांडले. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलचा प्रश्न विचारताना शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे कामही धरा, असे मुद्दाम घालावे लागले.

आता कल्पना करा, त्या मुलीला संध्याकाळी वहीत लिहायचे आहे. फॉर्मवर आपण ‘नाही’ अशी खूण केली, पण बाई तर सारा वेळ काम करत होती. मग मला ते काम का दिसले नाही? माझी आईही हेच करते. तिला मी काय म्हणते? एवढे दोन प्रश्न तिने स्वतःला विचारले तर स्त्रियांच्या श्रमावरचे एक अख्खे व्याख्यान तिला घरबसल्या कळले असे मी समजेन.

दुसरे उदाहरण पाण्याचे. टेमघरचे नाव बाहेरच्या लोकांना माहीत असते ते शहाड-टेमघर पाणीपुरवठ्यामुळे. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ते भिवंडीप्रमाणेच ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. फॉर्मवर प्रश्न असतो, ‘घरात नळ आहे का?’ हो किंवा नाही. वहीत मात्र वेगळे प्रश्न येऊ शकतात. पाणी किती वाजता येते? त्यासाठी घरातले कोण उठते? पाण्याची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ एकच असेल तर तास कोणाचा बुडतो, भावाचा की बहिणीचा? ज्या गावात तीन शहरांचे पाणी शुद्ध होते तिथल्या मुलीने हे विचारले, तर नागरिकशास्त्र आणि स्त्री-अभ्यास दोन्ही तिच्या अंगणात येतात.

म्हणजे वहीचे खरे काम आहे मुलीची नजर स्वतःकडे आणि भोवतालाकडे एकाच वेळी वळवणे. मी खुर्चीवर बसले आणि ती जमिनीवर, हे मला खटकले का? सासूसमोर ती एक बोलली आणि मला पोचवायला दारापर्यंत आली तेव्हा दुसरे, ते का? आपल्या चळवळीत बायकांनी गोल करून बसून आपापले सांगायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येकीला आपले दुःख एकटीचे नाही हे उमगले. खाजगी ते राजकीय, हे आपण तिथेच शिकलो. रोजनिशी ही त्याच वाटेवरची पहिली, एकटीने टाकायची पायरी आहे.

पण प्रत्यक्षात वहीचे काय होते? जे विज्ञान शाखेच्या जर्नलचे होते तेच. एकीने लिहायचे, दहाजणींनी उतरवायचे, शेवटच्या आठवड्यात सह्या घ्यायच्या. ‘आज आम्ही वस्तीत गेलो. तिथल्या स्त्रियांशी संवाद साधला. मला खूप काही शिकायला मिळाले.’ ही तीन वाक्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. आता तर मोबाईलवर चार ओळींत सांगितले की ‘माझे चिंतन’ तयार होऊन मिळते, शुद्धलेखनासकट! याचा दोष मुलींना देऊन उपयोग नाही. ज्या वहीला गुण आहेत तिच्यात गुण मिळतील असेच लिहिले जाणार. ‘मला त्या बाईचा राग आला’, ‘मला तिथे जायचेच नव्हते’, ‘सरांनी आम्हाला फोटोपुरते नेले’, हे कोण लिहील? आणि हे लिहिल्याशिवाय चिंतन ते कसले?

शिवाय एका शिक्षिकेच्या वाट्याला शंभर-शंभर वह्या. समाजकार्याच्या संस्थेत एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी असतात आणि दर आठवड्याला बोलणे होते, म्हणून तिथे नोंदीला अर्थ आहे. तो भाग वगळून नुसती वही उचलली, तर कॉलेजात रद्दी तेवढी वाढेल.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मुलगी खरेच मोकळेपणाने लिहू लागली तर? ती घरातला मार लिहील, ठरवलेले लग्न लिहील, प्रशिक्षणाच्या जागी साहेबाने केलेला चावटपणा लिहील. ती वही घरी दप्तरात असते. भाऊ उघडतो, आई उघडते, लग्न झालेले असेल तर सासरचे उघडतात. ज्या घरात मुलीचा मोबाईल तपासला जातो तिथे वही कशी सुटेल? बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’चे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, पुस्तक आले ते १९८६ साली. त्यांच्यासारख्या खंबीर बाईला लपवावे लागले, तर अठरा वर्षांच्या मुलीला ‘मनातले सगळे लिहा’ असे वर्गात सांगून मोकळे होणे हा निष्काळजीपणा आहे.

वही कॉलेजात पोचल्यावर काय होते, हेही मुलींना आधी माहीत हवे. कायदा काय म्हणतो ते पाहा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, आणि पहिल्या वर्षाला अशा मुली असतातच, तर तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे शिक्षिकेने वहीत वाचले, तर ते ‘आपल्या दोघींत’ ठेवण्याची मुभा तिला नाही. मुलगी अठरा पूर्ण असेल तर गोष्ट वेगळी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, आणि कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. पण त्यासाठी लेखी तक्रार करावी लागते आणि ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. वहीतली नोंद ही तक्रार नव्हे. मुलीला वाटत राहील, मी लिहिले, मॅडमनी वाचून सही केली, आता त्या काहीतरी करतील. आणि मुदत टळून जाईल. वाचणारीने मुलीला बोलावून समिती कुठे आहे, तक्रार कशी करायची, कोणाची सोबत मिळेल, हे सांगायचे नसेल, तर तिने वही वाचूच नये. त्याच वेळी तारीखवार, जागच्या जागी लिहिलेली नोंद पुढे तक्रार करताना मुलीच्या फार कामाची असते, हेही मुलींना सांगितले पाहिजे.

आणि वस्तीतल्या बाईचे काय? ती विश्वासाने नवऱ्याच्या दारूबद्दल बोलते, पडलेल्या गर्भाबद्दल बोलते. मुलगी ते नावगावासकट लिहिते. वही वर्गात फिरते. टेमघर काय किंवा भिवंडीतली दुसरी कुठली वस्ती काय, गल्लीतले सगळे एकमेकांना ओळखतात. वर्गात त्या बाईची पुतणी बसलेली असायची! बाईची कहाणी हा कोणाचा गृहपाठ नाही. तिला विचारल्याशिवाय ती कागदावर येऊ नये, आणि विचारून आली तरी तिची ओळख पटेल अशी येऊ नये.

मग करायचे काय? माझ्या मते आपल्या गटांनी कॉलेजांपुढे पाच गोष्टी ठेवाव्यात.

पहिली, वह्या दोन असाव्यात. एक कामाची नोंदवही: तारीख, वेळ, जागा, केलेले काम. ती कॉलेजने तपासावी, गुण द्यावेत. दुसरी मुलीची स्वतःची. ती कोणी मागू नये. त्या दुसऱ्या वहीतून मुलीने स्वतः निवडून दोन-तीन पानांचे टिपण करावे आणि तेवढेच द्यावे. काय सांगायचे, काय राखायचे, हे ठरवणे हेही शिक्षणच आहे.

दुसरी, भाषा तिची असावी. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत. तालुक्यात आगरी बोली आहे. इंग्रजीत लिहायला लावले की मुलगी आठवलेले लिहायचे सोडून जमेल तेवढेच लिहिते. उर्दूत लिहिणारीने उर्दूत लिहावे, आणि मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकताना लिपीची अडचण येत नाही.

तिसरी, वाचन गोलात व्हावे. पंधरा दिवसांतून एक तास वेळापत्रकात धरून दहा-बारा मुलींनी बसावे, ज्यांना वाटेल त्यांनी आपले एखादे पान वाचावे. जिला वाचायचे नाही तिने नुसते ऐकावे. शिक्षिकेने तिथे तपासनीस होऊ नये. तिनेही आपले एक पान आणावे. शंभर वह्या घरी नेण्यापेक्षा हा तास तिलाही हलका जाईल.

चौथी, कोरे पान देऊन ‘चिंतन करा’ म्हणू नये. चार प्रश्न द्यावेत. आज मी काय पाहिले, ऐकले? जाण्याआधी मला काय वाटत होते? कशाने खटकले किंवा बरे वाटले, आणि का? आता मी वेगळे काय करीन? पहिल्या प्रश्नावरच पुष्कळ मुली थांबतात, कारण वर्णन करणे सोपे असते. दुसऱ्यापासून खरे काम सुरू होते.

पाचवी, पहिल्याच दिवशी गोपनीयतेचे नियम सांगावेत. कोणाची खरी नावे लिहायची नाहीत. कुठली गोष्ट शिक्षिकेला पुढे कळवावीच लागेल. वही घरी सुरक्षित नसेल तर ती कुठे ठेवता येईल. कॉलेजात कुलपाचे एक कपाट एवढ्यासाठी मिळायला हरकत नसावी. आणि जिथे आपल्या गटाची खोली आहे तिथे आपण ती सोय करू शकतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, गुण नसले तर मुली लिहिणारच नाहीत. काहीजणी लिहिणार नाहीत, हे खरे आहे. पण आज सगळ्याजणी लिहितात आणि त्यातले बहुतेक उतरवलेले असते. त्यापेक्षा दहाजणींनी खरे लिहिलेले मला चालेल. कामाच्या नोंदवहीला आणि निवडून केलेल्या टिपणाला गुण आहेतच. दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला आहे: ‘बायकांना रेशन नाही, कामाला दर नाही, आणि तुम्ही डायऱ्या काय लिहायला सांगता? मोर्चा काढा.’ मोर्चा काढूच. पण धागे कापण्याला नगामागे काय दर मिळतो, तो कोण ठरवतो, वर्षभरात तो कितीदा बदलला, हे आज सलग कुठे लिहिलेले आहे? वस्तीत राहणाऱ्या मुलींनी वर्षभर डोळे उघडे ठेवून लिहिले आणि बायांच्या संमतीने त्यातली माहिती एकत्र केली, तर मागणीपत्राला आकडे मिळतील. आणि ते आकडे आधी बायांना वाचून दाखवले पाहिजेत. वस्तीतून नेलेली माहिती वस्तीत परत आली नाही, तर आपल्या मुलींना पुढच्या वर्षी कोणी दारात उभे करणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

आपल्याकडे मुली पाठवताना कॉलेज पत्र पाठवते, आणि शेवटी आपल्याकडून तासांच्या दाखल्यावर सही-शिक्का घेते. ती सही हीच आपली ताकद आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना भेटावे, वरच्या पाच गोष्टी लेखी द्याव्यात आणि त्यावर उत्तर मागावे. नुसती हजेरी भरून द्यायला आपण बांधलेल्या नाही. मुलींसाठी एक ओळख-बैठक आपणच घ्यावी, तीत वस्तीतल्या दोघी-तिघींनी बोलावे: आम्हाला काय विचारलेले आवडते, काय विचारलेले आवडत नाही.

आपल्या मुलींना लिहिता येऊ लागले याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांनी दुसऱ्याने सांगितलेलेच लिहायचे आणि दुसऱ्यालाच तपासायला द्यायचे, यात नवे काय? स्वतःचे लिहिण्याची आणि ते स्वतःजवळ ठेवण्याची मोकळीक मुलीला मिळते की नाही, यावर ही वही तिची आहे की नाही ते ठरेल. तुमच्या भागातल्या कॉलेजांत या वह्यांचे काय चालले आहे, मुलींचा अनुभव काय, हे आपापल्या गटात जरूर बोला आणि आम्हाला लिहून कळवा. नावे अर्थातच नकोत.